मीठ, लोखंड आणि जावई

देवमनभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत, वर पाहत. वायर कुठून आलीय, जोड कुठे दिलाय, पंख्याचा हूक कसा आहे. ते सगळं मनासारखं दिसलं की मग नजर खाली यायची आणि ते म्हणायचे, "हां, बसा आता." घर आपलं, आणि बसा म्हणणारे ते.

सारी नोकरी त्यांनी लाइनमन म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा. लग्नात गेले तरी मांडवाच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावल्याशिवाय पंगतीत बसायचे नाहीत. लोक हसायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नात मात्र त्यांनी नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागच्या रोषणाईच्या कमानीला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा पेटला; कमानीत करंट उतरला होता. मांडववाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. देवमनभाऊंनी स्वतः जाऊन बटण बंद केलं आणि माझ्या सासऱ्यांना शांतपणे सांगितलं, "काई नाई, जावई वाचले तुमचे. वाढा आता."

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. आजही आमच्या घरी नवीन काही आणलं, कूलर असो की मिक्सर, तर बायको म्हणते, "थांबा, देवमनभाऊंनी पाहिलंय का?"

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात आम्ही शेजारी होतो. आमची भिंत एक, पाण्याचा नळ एक. मी शाळेत भूगोल शिकवतो. या एका गोष्टीमुळे माझी त्यांच्याकडे मोठी पत होती. "तुमी भूगोलाचे," ते म्हणायचे. "तुमाले नदी कोनीकडून येते ते समजते. बाकीच्यायले फक्त पानी आलं तवा समजते."

त्यांच्या डोक्यात गावांचा विचार शिरला तो टाळेबंदीत. तेव्हा त्यांची नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. सगळे घरात बसलेले आणि लाइनमन मात्र गावोगाव फिरत होता. गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ते बंद केले होते. देवमनभाऊ काट्या सरकवून आत जायचे, डीपीचं, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरचं, काम करायचे, आणि पाहायचे. एखाद्या गावात आठव्या दिवशी पिठाची बोंब सुरू झालेली. दुसऱ्या गावात काट्यांच्या आत सगळं जिथल्या तिथं, जणू काही झालंच नाही. दोन गावांत अंतर चार-पाच किलोमीटरचं, पाऊस एकच, माती एकच. "मंग फरक कायचा हाये?" हा प्रश्न त्यांना सुटेना.

निवृत्तीनंतर ते आणि कौसावहिनी पुण्याला लेकीकडे, वर्षाकडे गेले. घर अकराव्या मजल्यावर. चौथ्या दिवशी लाइट गेली, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. देवमनभाऊंचा डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नसे. तरी ते अकरा मजले उतरून खाली गेले. का, तर डीपी कुठे आहे ते पाहायला. वॉचमननं त्यांना हात लावू दिला नाही. मग अकरा मजले चढून वर आले आणि घामानं निथळत वर्षाला म्हणाले, "बाई, तुहं घर लई सुंदर हाये. पन हे घर नाई, हे खांबावरचं घरटं हाये. तार तुटली का चिमनी उपाशी."

"बाबा, पण तुम्ही खेड्यात राहिलात आणि काही झालं तर?" वर्षानं विचारलं.

"तेच तर पाहाचं हाये मले," ते म्हणाले, "काई झालं तर कोनतं गाव टिकते."

आणि परत आल्याबरोबर त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही विकत घेतली.

डावा पाय वाकत नसल्यामुळे त्यांना मोटरसायकलचा गिअर टाकता येत नसे. म्हणून दर रविवारी माझी गाडी आणि मी. ते मागे बसायचे, डावा पाय बाणासारखा बाहेर काढून. समोरून येणारे ट्रॅक्टरवालेसुद्धा त्या पायाला साइड द्यायचे. असं आम्ही दीड वर्षं फिरलो. वाशीम रोडची गावं, मंगरुळकडची, कारंज्याच्या वाटेवरची, पार पैनगंगेच्या काठापर्यंत. बायकोनं एकदा मला विचारलं, "तुम्हाला काय मिळतं यातून?" मी म्हणालो, "हवा." खरं कारण असं होतं की मी वर्गात जो जिल्हा फळ्यावर काढतो, तो मला या माणसाच्या मागं मागं जाऊन पहिल्यांदा दिसत होता. तसं पाहिलं तर मागं ते असायचे, पण पुढं कोण होतं ते मला माहीत होतं.

त्यांची पाहणी करण्याची रीत ठरलेली. गावात गेल्यावर सरपंचाला भेटायचं नाही. पारावर बसायचं आणि पाणी मागायचं. पाणी आलं की प्यायच्या आधी विचारायचं, "कोन्या इहिरीचं?" विहिरीचं नाव सांगितलं तर गाव अर्धं पास. "नळाचं" म्हटलं तर पुढचा प्रश्न, "आन लाइट नसली का?" मग दळण कुठून येतं, साप चावला तर कुठं नेता, गावात सुतार आहे का, बाळंतपण करणारी बाई आहे का, ज्वारी कोण पेरतं की सगळं सोयाबीनच. उत्तरं मी वहीत लिहायची. गावाला एक पान.

"भाऊ, गावानं सगळंच स्वतः करायचं म्हणता का?" मी एकदा विचारलं.

"सगळं कायले? मीठ, लोखंड आन जावई, हे तीन बाहेरूनच आनाव लागते. बाकी गावात व्हाले पाह्यजे."

लोकांना मात्र आमच्या प्रश्नांचा वेगळाच वास यायचा. एका गावात आम्हाला घरकुलाचे साहेब समजून सतरा-अठरा म्हातारे कागद घेऊन आले. देवमनभाऊंनी सगळ्यांचे कागद पाहिले, एकाच्या अर्जावर सही राहिली होती ती दाखवून दिली, आणि मग सांगितलं की आपण साहेब नाही. एका गावात नव्या महामार्गाची चर्चा ताजी होती, तिथं आम्हाला जमिनीचे दलाल समजले. दोनदा चहा, वर भजी. देवमनभाऊ विचारायचे, "पूल वाहून गेला तर तुमी काय कराल?" आणि समोरचा म्हणायचा, "साहेब, पूल तुमीच बांधान ना आता!" भजी संपल्यावर खरं कळलं तेव्हा घरधनी असा काही पाहत राहिला की मी गाडी चालू करूनच ठेवली.

एका तांड्यावरचा रविवार मला विसरता येत नाही. टेकडीच्या कुशीत वस्ती, पाणी बारमाही, माणसं मोकळी. देवमनभाऊ खूश. मी पान भरत आणलं होतं. तेवढ्यात त्यांनी दारांकडे पाहिलं. ओळीनं कुलपं. एका म्हातारीनं सांगितलं, "दिवायी झाली का सारे ऊसतोडीले जातेत, बापू. होळीपस्तोर आमी म्हातारेच." देवमनभाऊ उठले. निघताना त्यांनी तिच्या ओट्यावरची लोंबती वायर खिळा ठोकून वर बांधून दिली. वाटेत मला म्हणाले, "लिवू नका काई त्या पानावर. गावात दोष नाई."

शेवटी त्यांच्या हिशेबानं एक गाव पहिल्या नंबरनं पास झालं. दोन विहिरी, सुतार, लोहार, ज्वारी, गायी, सगळं. ते कौसावहिनींना घेऊन गेले. कौसावहिनी म्हणजे कमी बोलणारी बाई. त्यांनी घर पाहिलं नाही की वावर पाहिलं नाही. सरळ विहिरीवर जाऊन बसल्या. अर्ध्या तासानं उठून आल्या आणि म्हणाल्या, "इथं नाई."

"काहून?"

"बाया पान्यावर बोलत नाईत. येतेत, भरतेत, जातेत. मले कोनी इचारलं नाई का तू कोनाची कोन."

"अवं, पन दोन इहिरी हायेत!"

"मंग तुमी राहा एकीत."

देवमनभाऊंनी वही मिटली. दीड वर्षाच्या फिरण्यावर बाईनं अर्ध्या तासात पाणी फिरवलं. पण ते चिडले नाहीत. घरी परतताना मला म्हणाले, "मास्तर, हे आपल्या वहीत नव्हतं ना." आणि पुढच्या रविवारपासून आम्ही तिघं फिरू लागलो. मी गाडीवर एकटा, ते दोघं एसटीनं.

बोरदरी असं सापडलं. मालेगावपासून पाऊण तास, शेवटी नाल्यावरचा बुटका पूल, पुलापलीकडे पन्नास-साठ घरं. वहीच्या हिशेबानं गाव जेमतेम. विहीर एकच धड, सुतार वारलेला, डॉक्टर नाही. कौसावहिनी विहिरीच्या काठावर टेकल्या तर ऐंशीच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत आली आणि खेकसली, "उन्हात बसून मराचं हाये काय व माय? ऊठ तिथून, माह्या सावलीत ये." ती सखूबाई. कौसावहिनी तिच्या ओट्यावर गेल्या, चहा प्यायल्या, आणि नवऱ्याला निरोप पाठवला की घर पाहा.

त्यांनी दोन एकर वावर आणि कौलारू घर घेतलं. वर्षा पुण्याहून येऊन रडून गेली. देवमनभाऊंनी मात्र कामाला सुरुवात केली. पावसाचं पाणी धरायला टाकं, राखेत घोळलेली ज्वारी कणगीत, कडुनिंबाचा पाला घालून डाळी, विहिरीसाठी लांबलचक दोर, कंदील, आयोडीनची बाटली. कारंज्याच्या एका जुन्या घरातून त्यांनी दगडाचं जातं आणलं. ते बैलगाडीतून उतरवताना अर्धं गाव पाहायला जमलं. सरपंच विठ्ठल, तिशीतला पोरगा, दोन ट्रॅक्टरचा धनी, हसत म्हणाला, "भाऊ, चक्की हाये ना गावात. जातं कायले? म्युझियम काढता का?"

"चक्कीले तार लागते," देवमनभाऊ म्हणाले.

"मंग तुमी हायेच ना तारवाले!"

सगळे हसले. देवमनभाऊही हसले. गावात त्यांचं नाव पडलं, 'बिघाडभाऊ'. म्हणजे सदा काहीतरी बिघडणार म्हणणारा माणूस. पोरंटोरं तोंडावर म्हणायची. त्यांना ते आवडायचं असं वाटतं, कारण एकदा त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं, "मी बिघाडभाऊ बोलून राह्यलो."

दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसानं कहर केला. सोयाबीन काढणीला आलं होतं. मी एका शनिवारी दुपारी सहज म्हणून बोरदरीला गेलो होतो. भरीत-भाकरी झाली, आणि पावसानं जी धार धरली ती थांबेना. चार वाजता कोणीतरी ओरडत आलं, नाल्यावरचा पूल गेला. आम्ही जाऊन पाहिलं. पूल खचला वगैरे नाही, गेलाच होता. अलीकडे रस्ता, पलीकडे रस्ता, मध्ये लाल पाणी आणि त्यात एक आख्खं बाभळीचं झाड फिरत चाललेलं. लाइट गेली. टॉवरही जायच्या बेतात होता. मी शेवटची रेंज होती तेवढ्यात बायकोला सांगितलं, "सुखरूप आहे, पूल गेला," आणि फोन मेला.

देवमनभाऊ काठावर उभे होते. मला वाटलं या माणसाच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस. जे म्हणत होते ते झालं. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मास्तर, माह्यं खरं निंगालं, हे काई बरं झालं नाई," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस गाव मजेत होतं. विहिरीवरची मोटार बंद, तर देवमनभाऊंचा दोर आला. इतका लांब दोर दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. तरणी पोरं बादल्या ओढताना हातांना फोड आले म्हणून बोंबलत होती आणि म्हातारे खूश होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर विठ्ठलनं फोन चार्ज केले, पण रेंज नसल्यामुळे त्यांचा उपयोग फक्त टॉर्चपुरता. खरी कुरकुर सुरू झाली ती लाइटवरून. गावाच्या डीपीवरची एक तार तुटून खांबावर लोंबत होती. ती सगळ्यांना दिसत होती. आणि गावात लाइनमन होता.

सोमवारी सकाळी विठ्ठल पाच-सहा जणांना घेऊन आला. "भाऊ, तार जोडून द्या. पलीकडून लाइन आली का आपल्याकडं चालू."

"मी नाई चढत," देवमनभाऊ म्हणाले.

"पाय दुखते तर मी चढतो. तुमी खालून सांगा."

"तूही चढायचं नाई."

"काहून? लाइन तर बंदच हाये. साऱ्या गावात अंधार हाये!"

"बंद हाये हे तुले कोनं सांगितलं? ऑफिसातून सांगितलं का? लाइन बंद केल्याचा कागद हाये का तुह्याजवळ? अंधार हाये म्हंजे लाइन बंद हाये असं नसते, विठ्ठल. ते लोकं तिकून कदीबी चालू करून पाहतीन. त्यायले काय माईत तू वर चढला हायेस?"

"मंग गावानं असंच बसाचं? पीठ संपून राह्यलं. इतके वर्सं पगार घेतला तुमी याचा!"

मागून कोणीतरी म्हणालं, "भ्याला म्हातारा."

देवमनभाऊंनी त्या दिशेला पाहिलं. "हो," ते म्हणाले, "भ्यालो." आणि काठी घेऊन ते डीपीपाशी गेले. तिथल्या दगडावर बसले. जेवायलाही उठले नाहीत. कोणी चढू नये म्हणून दिवसभर पावसात छत्री धरून बसले. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, "तुमी जा घरी, भिजान." मी थोडा वेळ त्यांच्यासोबत बसलो. गाव आमच्याकडे पाठ फिरवून आपापल्या घरात होतं. इतकं एकटं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर कौसावहिनींनी मला सांगितलं. मला इतकी वर्षं देवमनभाऊंनी सांगितलं होतं की पाय चुना मारताना शिडीवरून पडून मोडला. खरं असं होतं की ते खांबावर असताना कोणीतरी न विचारता लाइन चालू केली होती. ते फेकले गेले म्हणून वाचले. त्यांच्यासोबतचा दुसरा लाइनमन वाचला नाही. "कोणी चालू केली होती?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मलेबी सांगितलं नाई. म्हनते, नाव इचारू नको, तो मानूस त्या दिवसापासून धड जेवला नाई."

मंगळवारी पीठ खरंच संपलं. खांबाचं नाव आता कोणी काढत नव्हतं. खिचडी आणि घुगऱ्या खाऊन लोक कंटाळले होते. देवमनभाऊंना वाटलं, आता जात्याचा मान. त्यांनी जातं ओसरीत मांडलं, ज्वारी घातली आणि स्वतः खुंटा धरून फिरवू लागले. घरघर आवाज छान येत होता. खाली मात्र ज्वारी जशी गेली तशीच बाहेर आली. एखादा दाणा फुटला असेल, तोही लाजेखातर. दोन-चार बाया पाहत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावले.

सखूबाई काठी टेकत आली. तिनं जात्याची वरची पाळी, म्हणजे वरचा दगड, सरकवून आतून हात फिरवला आणि खो खो हसली. "भाऊ, हे जातं हाये का आरसा? गुळगुळीत झालं. जातं टाकवाव लागते, बाबा!"

"टाकवाव म्हंजे?"

"छन्नीनं टाके पाडाव लागते दगडाले. दात पडल्यावर तू चना खाशीन काय?"

देवमनभाऊ ओशाळले. वहीत विहिरी होत्या, सुतार होता, साप होता. हे नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, लिवा. जातं होतं, अक्कल नव्हती."

सखूबाईनं त्यांच्याच पेटीतली छन्नी घेतली, पाय पसरून बसली आणि पाळीवर टक टक घाव घालायला लागली. ऐंशीच्या घरातला हात, पण एक घाव वाकडा पडला नाही. तिच्या बापाला येत होतं म्हणे, लहानपणी पाहिलेलं. दुपारपर्यंत दोन्ही पाळ्यांवर बारीक खड्डे उठले. मग पहिली मूठ घातली आणि खालून पीठ आलं. जाडंभरडं, पण पीठ. बायांनी ओळ लावली. दळताना म्हणायला ओवी एकीलाही येत नव्हती, तर विठ्ठलची बायको सिनेमातलं गाणं म्हणायला लागली आणि जातं त्या ठेक्यावर फिरलं. सखूबाई म्हणाली, "काय बेशरम गानं हाये," आणि दुसरं कडवं म्हणायला लावलं.

ते गाणं चालू असतानाच तो आवाज झाला. दुपारी तीनच्या सुमारास. डीपीकडून फटाक्यासारखा कडकडाट, निळा जाळ, आणि लोंबणाऱ्या तारेच्या टोकातून ठिणग्यांचा सडा. दोन-तीन सेकंद. मग सगळं शांत. पलीकडून कोणीतरी लाइन चालू करून पाहिली होती. इकडे कोणाला सांगायला फोनच नव्हता.

विठ्ठल ओसरीच्या पायरीवर उभा होता, पिठाचा डबा हातात धरून. तो डीपीकडे पाहत राहिला, मग खांबाच्या टोकाकडे, जिथं तो काल चढणार होता. त्याची बायको गाणं विसरून त्याच्याकडे पाहत होती. त्यानं डबा खाली ठेवला आणि देवमनभाऊंच्या पायांना हात लावायला वाकला.

देवमनभाऊ मागे सरकले. "अरे सोड! पाय दुखते माहा तो. जाय, घर्र बंद नको पडू देऊ, दळन चालू ठेव."

मग विठ्ठल खुंटा धरून बसला. तरण्या सरपंचाला जातं फिरवताना पाहायला अर्धं गाव पुन्हा जमलं.

बुधवारी पाणी उतरल्यावर मी दोराला धरून नाला ओलांडला आणि चिखलानं माखून घरी पोचलो. मुरमाचा कच्चा रस्ता व्हायला आणि लाइट यायला आणखी पाच दिवस लागले. लाइनमन आले, त्यांनी रीतसर कागद करून तार जोडली, आणि देवमनभाऊ खाली उभे राहून प्रत्येक गोष्टीत चूक काढत होते, असं विठ्ठलनं मला फोनवर सांगितलं. ग्रामसभेत त्यांनी ठराव मांडला की विहिरीवर गावाचा दोर असावा आणि सखूबाईकडून चार जणींनी जातं टाकवायला शिकावं. शिकायला सहा जणी आल्या. बिघाडभाऊ हे नाव तसंच राहिलं, फक्त आता म्हणताना लोक हसत नव्हते, हाक मारत होते.

त्यानंतर, ते जाण्याआधी, मी त्यांना एकदाच पाहिलं. हुरड्याचे दिवस होते. त्यांनी निरोप धाडला, "मास्तर, पोरीले घेऊन या, ज्वारी दुधात आली." मी, बायको आणि पोरगी, आम्ही तिघं गेलो. वावराच्या कडेला शेकोटीत कणसं भाजली जात होती. विठ्ठलनं दही आणलं होतं, सखूबाई कणसं चोळून आमच्या पोरीच्या ओंजळीत हुरडा टाकत होती. देवमनभाऊ बांधावर पाय लांब करून बसले होते आणि मला जिल्ह्यातल्या कोणत्या नाल्यांवरचे पूल पुढच्या पावसात टिकणार नाहीत ते सांगत होते. तिसऱ्या पुलापाशी त्यांचं वाक्य तुटलं. मला वाटलं आठवत असतील. पाहिलं तर ते झोपले होते. बसल्या जागी, मान एका बाजूला, तोंड उघडं, दुपारचं ऊन चेहऱ्यावर.

पोरगी खुदकन हसली. कौसावहिनींनी तिला बोटानं गप्प केलं. उठून त्यांच्याजवळ गेल्या, त्यांच्याच खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्या डोळ्यांवर सावलीला टाकलं आणि माश्या वारत बसल्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "पुरी नोकरी हा मानूस झोपला नाई, मास्तर. ढग गरजला का उठून बसे, जोडे घालून. आता फोन येईन म्हने, कुठं तार तुटली असन. नोकरी सुटली तरी तसाच. मी म्हनो, आता कोन बोलावते तुमाले? तरी जोडे उशाशी. या सालापासून झोपाले लागला."

आम्ही उठलो. त्यांना उठवून निरोप घेणं बरं वाटेना. सखूबाईनं पोरीच्या रुमालात हुरडा बांधून दिला, विठ्ठल गाडीपर्यंत आला. गाडीला किक मारायच्या आधी मी ती ढकलत ढकलत नाल्याच्या उतारापर्यंत नेली, आवाजानं जाग येऊ नये म्हणून.